जुन्या अंकगणिताच्या पुस्तकावर ‘नातालचे बिशप’ असं का छापलंय?

पेठेतला_नातू

नमस्कार मंडळी. आमचा सदाशिव पेठेतला वाडा पुनर्विकासाला जातोय, म्हणून माळ्यावरच्या पेट्या रिकाम्या करतोय. एकीत इंग्रजी अंकगणिताचं जुनं पुस्तक सापडलं. पुठ्ठा सुटलाय, कडा कसरीने खाल्ल्यात, पण आतली पानं शाबूत आहेत. समासात कुणीतरी शाईने उदाहरणं सोडवलीयत, काही आकडेमोड मोडीत आहे. पणजोबांची असावी.

पहिल्या पानावर लेखकाचं नाव जे. डब्ल्यू. कोलेन्सो आणि खाली ‘नातालचे बिशप’. माझा गोंधळ इथे सुरू झाला. धर्मगुरू माणूस व्याज, सूट आणि भागीदारीची उदाहरणं कशाला रचत बसेल? नेटवर या नावाने शोधलं तर बायबलवरून झालेला पाखंडाचा खटला आणि झुलू युद्ध असं काहीतरी येतंय. हा एकच माणूस आहे की एका नावाचे दोन? इथे गणिताची आणि इतिहासाची जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारतो.

---

त्रैराशिक

एकच माणूस आहे. पुस्तक आधीचं, पदवी नंतरची. अंकगणित १८४३ सालचं, बिशप ते १८५३ मध्ये झाले आणि पुढच्या आवृत्त्यांवर ती पदवी छापली जाऊ लागली.

मी पेठेतल्याच एका मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवून निवृत्त झाले. या माणसावर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

जॉन विल्यम कोलेन्सो, जन्म २४ जानेवारी १८१४, कॉर्नवॉलमधलं सेंट ऑस्टेल गाव. वडिलांचा पैसा कथिलाच्या खाणीत गुंतलेला होता, खाणीत पाणी शिरलं आणि घर बसलं. मुलाने पोरवयातच एका शाळेत साहाय्यक मास्तरकी करून पैसे जमवले आणि केंब्रिज गाठलं. तिथेही पैसेवाल्यांच्या पंक्तीत नाही, फी-माफीवरचा विद्यार्थी म्हणून. १८३६ साली गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला, म्हणजे सेकंड रँग्लर. पुण्यात रँग्लर म्हटलं की आपल्याला परांजपेच आठवतात, आणि आठवायलाच हवेत, कारण १८९९ चे आपले सीनियर रँग्लर, म्हणजे त्याच परीक्षेत पहिले आलेले, रघुनाथराव परांजपे याच सेंट जॉन्स कॉलेजचे. त्रेसष्ट वर्षांचं अंतर, पण एकाच कॉलेजचे दोघे.

मग हॅरोच्या नामांकित शाळेत गणिताची नोकरी. तिथे शिक्षक स्वतःच्या घरात मुलं ठेवायचे, तेच उत्पन्न. कोलेन्सोंच्या घराला आग लागली आणि डोक्यावर प्रचंड कर्ज झालं. हॅरो सोडून ते परत केंब्रिजला शिकवायला गेले आणि रात्री बसून पाठ्यपुस्तकं लिहू लागले. १८४१ ला बीजगणित, १८४३ ला अंकगणित. ही पुस्तकं इंग्लंडभरच्या शाळांत लागली. कर्ज फिटलं ते त्यांवर, आणि पुढे हक्क लाँगमन प्रकाशनाला २,४०० पौंडांना विकले. तेव्हा भागीदारीची उदाहरणं का रचली, याचं पहिलं उत्तर हे: देणं होतं म्हणून.

पण पुस्तक नीट उघडून बघा. आधी रीत, मग सोडवून दाखवलेलं उदाहरण, मग सोप्याकडून अवघडाकडे जाणारी उदाहरणांची लांबच लांब रांग. आज हे सगळीकडे दिसतं म्हणून विशेष वाटत नाही. हे पुस्तक घोकून घेत नाही, करून घेतं, आणि मुलाला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू न देता स्वतःचा ताळा स्वतः करायला लावतं. या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य मला याच सवयीतून समजतं.

१८४६ ला लग्न, नॉरफोकमधल्या एका खेड्यात पाद्रीपण, आणि १८५३ च्या नोव्हेंबरात नातालचे पहिले बिशप म्हणून नेमणूक. हो, दक्षिण आफ्रिकेतलंच नाताल. मुख्य गाव पीटरमारित्झबर्ग. १८९३ मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हेच स्टेशन. तिथे जाऊन कोलेन्सो झुलू शिकले, व्याकरण लिहिलं, १८६१ ला झुलू-इंग्रजी शब्दकोश काढला. मिशनवर शाळा आणि छापखाना घातला. शाळेचं नाव एकुखान्येनी, म्हणजे उजेडाची जागा. एक गोष्ट त्यांनी सुरुवातीलाच उघड मांडली आणि बाकीचे मिशनरी बिथरले: ज्या झुलू पुरुषाला दोन-तीन बायका आहेत त्याला बाप्तिस्मा देताना आधीच्या बायका टाकायला लावू नका, कारण त्या बायकांनी आणि त्यांच्या मुलांनी काय गुन्हा केलाय?

आता मुख्य प्रसंग. बायबलचा झुलू अनुवाद चालू होता, मदतीला विल्यम न्गिदी नावाचा झुलू सहकारी. नोहाच्या जलप्रलयाचा भाग आला. न्गिदीने विचारलं: हे सगळं खरंच असं घडलं, असं तुम्ही मानता का? जगभरचे प्राणी, उष्ण देशातले, थंड देशातले, जोडीजोडीने नौकेत आले? आणि नोहाने त्या सगळ्यांचं खाणं, हिंस्र श्वापदांचंसुद्धा, गोळा केलं?

कोलेन्सोंनी भूगर्भशास्त्र वाचलेलं होतं. असा प्रलय साऱ्या पृथ्वीवर झालेला नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःच नंतर लिहिलंय की त्या क्षणी जखऱ्या संदेष्ट्याचे शब्द मनात आले: परमेश्वराच्या नावाने माणसाने खोटं बोलावं का? आणि ते बोलू शकले नाहीत. ज्यांनी वर्गात उभं राहून शिकवलंय त्यांना हा क्षण कळेल. मुलगी उठून म्हणते, “बाई, पण हे असंच का?” आणि आख्खा वर्ग आपल्या तोंडाकडे बघत असतो.

मग त्यांनी मोशेचे पाच ग्रंथ, म्हणजे बायबलचे पहिले पाच, घेतले आणि त्यातल्या आकड्यांचा ताळा करायला बसले. पहिला भाग १८६२ ला आला, सातवा १८७९ ला. त्यातली दोन उदाहरणं देते, वही-पेन घेऊन करून बघा.

गणना या ग्रंथात इस्राएलाचे लढाईयोग्य पुरुष दिलेत ६,०३,५५०. लेवीय ग्रंथात म्हटलंय की सगळी मंडळी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दारापाशी जमली. मंडपाची रुंदी १० हात, म्हणजे अंदाजे १८ फूट. एका माणसाला दोन फूट धरले तर एका ओळीत नऊ जण. ६,०३,५५० भागिले ९, म्हणजे ६७ हजारांवर ओळी. दोन ओळींत फक्त दीड फुटाचं अंतर ठेवा. रांग होते एक लाख फुटांवर, १९ मैल, ३० किलोमीटर. पालखीच्या दिवसात पुण्याहून दिवेघाट चढून सासवडपर्यंत सबंध रस्ता नऊ-नऊच्या ओळींनी भरला तर जेवढा होईल तेवढा. आणि यात बायका, मुलं, म्हातारे धरलेलेच नाहीत.

दुसरं उदाहरण. बाळंतिणीने द्यायच्या अर्पणात एक कबूतर असायचं आणि पापार्पणाचं मांस याजकाने पवित्र जागी खायचं. वीस लाखांच्या वस्तीत दिवसाला जन्म धरले २६४. याजक तीनच: अहरोन आणि त्याचे दोन मुलगे, एलाजार आणि इथामार. २६४ भागिले ३, म्हणजे प्रत्येकी रोज ८८ कबुतरं.

हे वाचून इंग्लंडात जो गदारोळ झाला त्याला तोड नाही. बहुतेक बिशपांनी राजीनामा मागितला. केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ ला खटला चालवून त्यांना पदच्युत केलं. कोलेन्सो लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या वरिष्ठ अपील न्यायालयापर्यंत, गेले आणि १८६५ मध्ये निकाल लागला की ग्रे यांना तसा अधिकारच नव्हता. मग ग्रे यांनी त्यांना बहिष्कृत केलं, पुढे नातालसाठी दुसरा बिशप आणून बसवला, आणि एका गावात दोन बिशप अशी स्थिती पुढे अनेक वर्षं राहिली. १८६७ साली जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या, बिशपांची पहिली लँबेथ परिषद भरली, त्यामागे हे प्रकरण हे एक मोठं कारण होतं.

झुलू युद्धाचं उद्या लिहिते. खरं मोठं काम तिथे आहे.

---

कँपकर

त्रैराशिकताई, मनापासून आभार. मी सेंट मेरीज चर्चला जाणाऱ्या घरातला, त्यामुळे दुसऱ्या बाजूने थोडं लिहितो.

कोलेन्सोंच्या आकडेमोडीत चूक काढता येत नाही. पण चर्चमधल्या साध्या माणसाला त्या पुस्तकाने जे दुःख दिलं तेही खरं होतं. माझी आजी रोज सकाळी निर्गम वाचायची. सहा लाख की सहा हजार, याने तिला काही फरक पडत नव्हता. गुलाम लोकांना देवाने बाहेर काढलं, एवढं तिला पुरायचं. हिशेबाने जे हाती येत नाही असंही त्या ग्रंथात बरंच आहे, आणि पहिल्या भागात कोलेन्सो तिथे थांबत नाहीत असं मला वाटतं.

मास्तरकीतून बिशप झालेला आणखी एक माणूस सांगतो, तो आपल्याकडे आला होता. जॉर्ज कॉटन. कोलेन्सोंहून तीनच महिन्यांनी मोठे, तेही केंब्रिजचे. वडील कप्तान होते, नेपोलियनशी चाललेल्या युद्धात मारले गेले तेव्हा हे बाळ दोन आठवड्यांचं होतं. रग्बीच्या शाळेत मुख्याध्यापक डॉ. अर्नोल्ड यांच्या हाताखाली शिक्षक झाले. पुढे १८५२ मध्ये मार्लबरो कॉलेजचे मुख्याध्यापक. त्या शाळेत आदल्याच वर्षी मुलांनी बंड करून मोडतोड केली होती, शाळा बंद पडायच्या बेतात होती. कॉटननी तरुण शिक्षक आणले, मुलांना मैदानावर खेळायला लावलं, मोठ्या मुलांवर जबाबदारी टाकली आणि शाळा उभी केली.

१८५८ ला ते कलकत्त्याचे बिशप म्हणून आले. उठाव नुकताच शमला होता. त्यांच्या लक्षात आलं की साहेबांची मुलं विलायतेला शिकतात, पण गरीब युरोपियन आणि अँग्लो-इंडियन घरांतल्या मुलांना कुणी वाली नाही. त्यांच्यासाठी शाळा काढायचा त्यांनी ध्यास घेतला. सिमल्याची आणि बंगळूरची बिशप कॉटन स्कूल त्यांच्याच नावाची. ६ ऑक्टोबर १८६६ ला कुष्टियाला (आता बांगलादेशात) स्मशानभूमीचं पवित्रीकरण करून संध्याकाळी बोटीवर चढताना फळीवरून पाय घसरला आणि नदीने त्यांना ओढून नेलं. देह मिळालाच नाही.

आमच्या सेंट मेरीजचं पवित्रीकरण १८२५ ला बिशप हीबर यांनी केलं, तेही कलकत्त्याचेच. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये तिरुचिरापल्लीला हौदात अंघोळीला उतरले असताना तेही पाण्यातच गेले.

कॉटननी शाळा बांधल्या आणि कोणाशी भांडण घेतलं नाही. मला तो माणूस अधिक जवळचा वाटतो, हे प्रांजळपणे सांगतो.

---

दिवेघाट

दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एक विचारायचं आहे. कोलेन्सोंच्या त्या एकुखान्येनी शाळेत सुरुवातीला झुलू सरदारांची मुलं भरली होती आणि ती आणवली होती सरकारी अधिकारी थिऑफिलस शेपस्टन याच्या वजनाने. म्हणजे सत्तेच्या जोरावरच ना? बिशपचं पद राणीच्या सनदेने मिळालेलं, जमीनही सरकारने दिलेली. न्गिदीने प्रश्न विचारला म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या, पण मुळात त्याच्या देशात हे लोक काय करत होते? आपल्याकडच्या मिशनऱ्यांबद्दलही मला हेच वाटतं. एका चांगल्या माणसामुळे आख्खी व्यवस्था चांगली ठरू नये.

---

पेठेतला_नातू

एवढं सगळं एका फाटक्या पुस्तकाच्या मागे असेल असं वाटलं नव्हतं. बोअर युद्धात ‘कोलेन्सोची लढाई’ आहे, गांधीजींचं जखमी-वाहक पथक तिथे होतं असं वाचलं. ते नाव यांच्यावरूनच का? आणि ताई, झुलू युद्धाचं राहिलंय.

---

त्रैराशिक

हो, तुगेला नदीकाठचं ते गाव यांच्याच नावाचं. लढाई १५ डिसेंबर १८९९ ची, तोवर हे जाऊन सोळा वर्षं झाली होती.

दिवेघाट, तुमच्या म्हणण्यातलं बहुतेक मला मान्य आहे. शाळा शेपस्टनच्या वजनानेच भरली, आणि १८६१ मध्ये झुलूंच्या हल्ल्याची आवई उठली तेव्हा ती मोडली. सुरुवातीची वीस वर्षं कोलेन्सो आणि शेपस्टन जिवाभावाचे मित्र होते. इंग्रजी राज्य न्यायाने चालतं, यावर कोलेन्सोंचा पुरता विश्वास होता. म्हणून तर पुढचं महत्त्वाचं.

१८७३. त्याच सप्टेंबरात इकडे पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. नातालमध्ये हलुबी जमातीचा लांगालिबालेले नावाचा प्रमुख होता. त्याची तरुण माणसं किंबर्लीच्या हिऱ्याच्या खाणीत राबायची आणि मजुरीत बंदुका घेऊन यायची. सरकार म्हणालं, बंदुका आणून नोंदवा. नोंदवायला नेलेल्या बंदुका परत मिळतीलच अशी खात्री नाही, म्हणून प्रमुखाने चालढकल केली. बोलावणं आलं तसा घाबरून आपली माणसं घेऊन तो ड्रॅकन्सबर्ग डोंगरापलीकडे निघाला. खिंडीत चकमक झाली, पाठलागावरच्या तुकडीतले पाच जण पडले. त्यावर सरकारने आख्खी जमात उद्ध्वस्त केली, गुरं-जमीन काढून घेतली. प्रमुखावर जो खटला चालला त्यात न्यायाधीश स्वतः गव्हर्नर, शेजारी शेपस्टन, आणि आरोपीला धड वकीलही नाही. जन्मठेप, रॉबेन बेटावर.

एक आरोप असा होता की सरकारी दूताला त्याने नागवं करून अपमानित केलं. कोलेन्सोंनी पुन्हा ताळा करायला घेतला. साक्षीदार शोधले, त्यांच्याशी झुलूत बोलले, जबान्या लिहून काढल्या. निघालं असं की दूताचे फक्त वरचे कोट उतरवून झडती घेतली होती. झडती का? कारण १८५८ मध्ये मात्शाना नावाच्या दुसऱ्या प्रमुखाला बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि पकडायचा प्रयत्न झाला, तेव्हा सरकारी माणसाने बंदूक लपवून आणली होती. तो माणूस जॉन शेपस्टन, थिऑफिलसचा सख्खा भाऊ.

हे बाहेर काढलं तर मित्र जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. पाखंडाच्या खटल्यात चर्च गेलं होतं. तेव्हा नातालचे जे गोरे रहिवासी त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते ते या वेळी गेले. शेपस्टनची मैत्री कायमची तुटली. साठीचा हा माणूस १८७४ ला बोटीने इंग्लंडला गेला, वसाहतमंत्री लॉर्ड कार्नार्व्हन यांच्यापुढे कागद ठेवले. गव्हर्नर पाइनला परत बोलावलं गेलं, लांगालिबालेलेला बेटावरून मुख्य भूमीवर आणलं. घरी जाऊ द्यायला आणखी बरीच वर्षं लावली, आणि जमातीचं लुटलेलं तर परत आलंच नाही.

कँपकर, कॉटन यांचं तुम्ही लिहिलेलं वाचून मलाही भरून आलं. पण तुम्ही म्हणता की त्यांनी कोणाशी भांडण घेतलं नाही. कोलेन्सोंनी घेतलेली भांडणं पाहा. दोन्ही वेळा समोर एक आफ्रिकी माणूस होता, ज्याचं ऐकून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. आणि तुमच्या आजींच्या निर्गमापासून ते फार लांब गेले होते असंही मला वाटत नाही.

१८७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज झुलू राज्यात घुसली. २२ तारखेला इसांडल्वाना इथे झुलूंनी त्यांचा तळ कापून काढला, तेराशेहून जास्त माणसं गेली. त्यात कर्नल डर्नफोर्ड हा कोलेन्सोंच्या घरातल्यासारखा माणूस. नातालमध्ये सुडाची भाषा पेटली. मार्चमध्ये सरकारने प्रार्थनेचा दिवस ठरवला, त्या दिवशी पीटरमारित्झबर्गच्या चर्चमध्ये कोलेन्सो बोलायला उभे राहिले. वचन घेतलं मीखा संदेष्ट्याचं: न्यायाने वाग, दयेवर प्रीती कर, देवासमोर नम्रपणे चाल. आणि समोर बसलेल्या, घरचं माणूस गमावलेल्या गोऱ्या लोकांना त्यांनी विचारलं की या युद्धात आपण न्याय कुठे केला, दया कुठे दाखवली.

यानंतर मरेपर्यंत ते सरकारी अहवाल समोर घेऊन बसायचे. कोणत्या पानावर सरकारने काय म्हटलं, कोणत्या पानावर त्याच्या उलट पुरावा आहे, हे ओळीने लावून आपल्याच छापखान्यात छापायचे. कैदेत टाकलेला झुलू राजा सेत्श्वायो याला परत गादीवर बसवा म्हणून पत्रामागून पत्रं. झुलू लोक त्यांना सोबांतू म्हणायचे, लोकांचा बाप. २० जून १८८३ ला डर्बनमध्ये ते गेले.

बाप गेल्यावर थोरली मुलगी हॅरिएटने ते काम हातात घेतलं. सेत्श्वायोचा मुलगा दिनुझुलू याच्यावर खटला भरला गेला तेव्हा त्याच्या बचावासाठी वकील मिळवून देण्यापासून सगळ्यात ती होती. १९३२ पर्यंत जगली.

दिवेघाट, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच पुरावा आहे. त्या छापखान्यात मागेमा फुझे नावाचा झुलू मुलगा खिळे जुळवायला शिकला. तो एकुखान्येनीचाच विद्यार्थी. म्हातारपणी त्याने आपल्या लोकांचा इतिहास लिहिला, झुलूत, स्वतःच्या पद्धतीने, आणि १९२२ मध्ये तो छापून आला. झुलू माणसाने झुलू भाषेत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. व्यवस्था चांगली होती असं त्यावरून मी म्हणणार नाही. फुझेचं पुस्तक मात्र मिळालं तर जरूर वाचा, इंग्रजी भाषांतर आहे.

---

दिवेघाट

वाचतो. आणि ताई, नऊच्या ओळीचं गणित मी सासवडला बसून करून पाहिलं. ६७,०६१ ओळी पूर्ण भरतात, त्यापुढच्या ओळीत एक जण एकटा उरतो.

---

त्रैराशिक

बरोबर आहे. बाकी एक.